विकासाच्या टप्प्यावरील स्वतंत्र चित्रपट आणि त्यांच्या कथा : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्याच्या तालुक्यांत स्वतंत्र चित्रपटाची पटकथा लिहीत असलेल्या, किंवा लिहायच्या विचारात असलेल्या मंडळींकडून जे प्रश्न सतत येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. चित्रीकरण, संकलन आणि प्रदर्शन हे विषय जाणीवपूर्वक बाजूला ठेवले आहेत. कॅमेरा भाड्याने घेण्यापूर्वीचा जो काळ असतो, तेवढ्यापुरतेच हे पान आहे. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत, त्यामुळे कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलांना दाखवून घ्यावा.

१. स्वतंत्र चित्रपट म्हणजे नेमके काय? कमी पैशांत केलेला चित्रपट म्हणजे स्वतंत्र का?

कमी खर्च ही स्वतंत्र चित्रपटाची बहुतेक वेळा परिस्थिती असते, व्याख्या नव्हे. कथा कोणती सांगायची, भूमिका कोणाला द्यायच्या आणि चित्रपट कोठे संपवायचा, हे निर्णय ज्या चित्रपटात मोठ्या निर्मितीसंस्थेच्या, वाहिनीच्या किंवा वितरकाच्या हाती नसून तो करणाऱ्यांच्या हाती असतात, त्याला स्वतंत्र म्हणावे. प्रचलित व्यावसायिक चित्रपटाची नक्कल थोड्या पैशांत केली, तर चित्रपट स्वस्त होतो, स्वतंत्र होत नाही.

२. ‘चित्रपट विकासाच्या टप्प्यावर आहे’ असे म्हणतात, तेव्हा प्रत्यक्षात काय चालू असते?

कल्पना सुचल्यापासून पटकथा चित्रीकरणासाठी तयार होईपर्यंतचा आणि निर्मितीचा पैसा उभा राहीपर्यंतचा काळ म्हणजे विकासाचा टप्पा. या काळात संशोधन होते, खर्डे लिहिले जातात, ते जाणकारांना वाचून दाखवले जातात, जागा पाहिल्या जातात, आवश्यक हक्क मिळवले जातात आणि अंदाजपत्रक आकार घेते. स्वतंत्र चित्रपटाच्या बाबतीत हा काळ काही वर्षांचा असणे मुळीच असामान्य नाही.

आमच्याकडे येणाऱ्या लेखकांपैकी अनेक जण एकच खर्डा लिहून पुढची वर्षे निर्माता शोधण्यात घालवतात आणि या शोधालाच विकास समजतात. पैशाची वाट पाहणे म्हणजे विकास नव्हे. वाट पाहण्याच्या त्याच काळात पात्रांविषयी कालपर्यंत ठाऊक नसलेले काही उमगत असेल, तरच चित्रपट विकसित होत आहे असे म्हणता येईल. स्वतंत्र चित्रपटकर्त्याजवळ मोठा नट नसतो आणि मोठी रक्कमही नसते. कथेवर खर्च करता येणारा वेळ मात्र असतो, आणि मोठ्या निर्मितीसंस्थेला नेमका तोच परवडत नाही.

३. माझ्याजवळ विषय आहे. पण ती कथा झाली आहे की नाही, हे कसे ओळखावे?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर घेऊ.

‘बहिणींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळायला हवा’ हा विषय झाला. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, तरीही गावोगावी बहिणींना बोलावून घेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. हे वास्तव महत्त्वाचे आहे, परंतु एवढ्यावर भाषण होते, चित्रपट होत नाही.

आता एक बाई पाहा. माहेर पन्हाळ्याच्या बाजूचे, सासर शिरोळ तालुक्यातले. २०१९ च्या महापुरात तिचे घर पाण्याखाली गेले, तेव्हा भावाने तिचा सारा संसार स्वतःच्या घरी आणून सांभाळला आणि कधी त्याचा उच्चारही केला नाही. तोच भाऊ आता जोतिबाच्या चैत्र यात्रेचे निमित्त करून तिला बोलावतो आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचे आहे असे जेवताना सहज सांगतो. त्याला कर्ज काढायचे आहे, सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असल्याने अडचण येत आहे, आणि तो खोटे बोलत नाही. बाईला जमीन नको आहे, तिच्या वाट्याला येणारे काही गुंठे कसायला ती येणारही नाही. परंतु वडिलांच्या नावाखाली स्वतःचे नाव लिहिलेला तो एकच कागद जगात आहे, आणि तो तिला सोडवत नाही.

येथे कथा सुरू झाली. दोन्ही माणसे आपापल्या जागी बरोबर आहेत, दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे, उद्या सकाळपर्यंत निर्णय व्हायचा आहे आणि तो कसाही झाला तरी कोणाचे तरी काही कायमचे जाणार आहे. भाऊ लोभी दाखवला असता तर प्रेक्षकाला निवाडा करणे सोपे गेले असते आणि चित्रपट तेथेच संपला असता.

म्हणून आपल्या विषयाला तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला नेमके काय हवे आहे? ते आजच का हवे आहे? आणि जो आड येतो, त्याची बाजू आपण त्याच्या तोंडून पटेल अशी मांडू शकतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर संशोधन अपुरे आहे असे समजावे आणि लेखन थांबवून त्या माणसांना जाऊन भेटावे.

४. लॉगलाइन, सारांश, ट्रीटमेंट आणि पटकथा यांत फरक काय? कोणत्या क्रमाने लिहावे?

लॉगलाइन म्हणजे कोणाला काय हवे आहे आणि काय आड येते, हे सांगणारी एक-दोन वाक्ये. सारांश एक ते दोन पानांचा असतो आणि त्यात शेवट सांगावाच लागतो. ‘पुढे काय होते ते पडद्यावरच पाहा’ असे लिहिलेला सारांश निवड समितीच्या काहीच उपयोगाचा नसतो. ट्रीटमेंटमध्ये संपूर्ण चित्रपट प्रसंगानुरूप, वर्तमानकाळात आणि बहुतांशी संवादांविना लिहिलेला असतो, आणि ही ट्रीटमेंट साधारण दहा-पंधरा पानांपासून तिसापर्यंत जाऊ शकते. पटकथेत दृश्य, स्थळ, वेळ, कृती आणि संवाद असे सर्व काही येते. यांखेरीज बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकाचे निवेदन मागतात. ही कथा मीच का सांगावी आणि ती पडद्यावर कशी दिसेल, याचे त्यात उत्तर अपेक्षित असते, विषयाच्या सामाजिक महत्त्वावरचा निबंध नव्हे.

क्रमाविषयी सक्ती नाही. मात्र लॉगलाइन सुरुवातीला एकदा आणि प्रत्येक खर्ड्यानंतर पुन्हा लिहावी असा आमचा आग्रह असतो, कारण दोन लॉगलाइनमधील अंतर पाहिले की कथा कोठे सरकली हे लेखकाला स्वतःलाच दिसते.

५. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा नियम मराठी पटकथेला लागू पडतो का?

ढोबळमानाने. तो हिशेब इंग्रजी टंकाच्या ठरावीक मापावर बसलेला आहे आणि देवनागरीत टंक, ओळींमधील अंतर व समास यांप्रमाणे पाने बरीच कमी-जास्त होतात. त्याऐवजी दोन-तीन माणसांना बसवून पटकथा मोठ्याने वाचावी, कृतीच्या वर्णनाला पडद्यावर लागेल तेवढा वेळ द्यावा आणि घड्याळ लावावे.

६. कोल्हापूरला चित्रपटाचा मोठा इतिहास आहे. आज पटकथा लिहिणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

अभिमानापुरता तो सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु लेखकाने त्याकडे कामाचा इतिहास म्हणून पाहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा येथेच, स्वतःच्या हातांनी घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाल्यावरही बाबूरावांनी ते काम सोडले नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या पैशाच्या आधारावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा तिचा पहिला चित्रपट आला. पुढे याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, जी १९३३ साली पुण्यास गेली. म्हणजे मुंबईची परवानगी किंवा मुंबईचे भांडवल नसतानाही येथे चित्रपट उभे राहिले, ते हस्तकौशल्याच्या आणि ओळखीपाळखीतून आलेल्या पैशाच्या बळावर.

कथेच्या दृष्टीने त्याहून मोलाचे उदाहरण १९२५ च्या ‘सावकारी पाश’चे आहे. पौराणिक चित्रपटांची चलती असताना बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून, सावकारामुळे जमीन गमावून शहरात गिरणीकामगार व्हावे लागलेल्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. चित्रपट मूक होता. घर आणि शेत कसे हातचे जाते, हे संवादांविना दाखवायचे होते, आणि पटकथा लिहिताना आजही प्रत्येक दृश्यासाठी हाच सराव करावा. आधी संवाद झाकून दृश्य वाचावे. काय घडले ते कळत नसेल, तर दृश्य अजून लिहून व्हायचे आहे.

७. सध्या आपल्या भागातून कोणत्या प्रकारच्या कथा येत आहेत? कोणत्या फार झाल्या आहेत?

कोणाच्याही अपूर्ण पटकथेचा तपशील उघड करणे योग्य नसल्याने प्रवृत्तींविषयीच बोलता येईल.

कुस्तीच्या कथा सर्वांत जास्त येतात, आणि त्यांपैकी बहुतेक एकाच मार्गाने जातात. गरीब घरातला मुलगा, कठोर वस्ताद, दुखापत आणि शेवटी खासबागेत मिळालेली गदा. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या मैदानाचे आणि तिथल्या लाल मातीचे मोल कमी नाही, पण तालमीत राहणाऱ्या मुलाचा दिवस पाहिला तर कितीतरी न लिहिलेल्या गोष्टी दिसतील. खुराकाचा महिन्याचा खर्च घरच्यांना कसा झेपतो, पंचविशीनंतर हे स्वप्न सोडून द्यावे लागलेला मल्ल गावी परतून काय करतो, घराण्यात कुस्ती असूनही मुलीला आखाड्यात उतरवण्यापूर्वी आजोबांना काय काय गिळावे लागते, यांतले प्रत्येक चित्रपटाएवढे आहे.

फुटबॉलकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, याचे आम्हाला आश्चर्य वाटते. पेठापेठांतील तालीम मंडळांचे संघ, शाहू स्टेडियमवरील सामन्यांना लोटणारी गर्दी, पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघाशी बांधलेली घरे आणि दुसऱ्या पेठेत दिलेली मुलगी हे सारे अन्यत्र क्वचितच सापडेल. शिवाजी पेठेतल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो ते लिहायला बसत नाही.

कामाच्या कथा हा तिसरा आणि सर्वांत आशादायक प्रवाह आहे. इचलकरंजीचा यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, चप्पल बनवणारी कुटुंबे, बंद पडत चाललेली गुऱ्हाळे, दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला येणारी जोडपी आणि त्यांची कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, वाढणारी मुले या विषयांवरचे खर्डे वाढत आहेत, याचा आनंद आहे. येथे धोका निराळा असतो. लेखक व्यवसायाच्या ऱ्हासाबद्दल इतका हळहळतो की माणसे मागे पडतात. यंत्रमागाच्या खोलीत दोन माणसे एकमेकांशी बोलतात ती ओरडून किंवा खुणांनी, कारण आवाजच तेवढा असतो, आणि अशा ठिकाणी प्रेमाची कबुली किंवा भांडण कसे होईल याचा विचार केला, तर व्यवसाय आपोआप कथेत उतरतो.

तांबडा-पांढरा रस्सा, रांगडेपणा, फेटे आणि मिसळ यांनी कोल्हापूर दाखवण्याची सवय मात्र सोडावी. ती पाहुण्यांची नजर आहे.

८. संवाद कोल्हापुरी बोलीत लिहावेत का? बाहेरच्या प्रेक्षकाला कळतील का?

लिहावेत, आणि कळतात. परंतु ‘कोल्हापुरी बोली’ ही एकच एक गोष्ट नाही. चंदगडकडे कानाला कोकणी आणि कानडीची लय लागते, इचलकरंजी-शिरोळच्या पट्ट्यात कानडीचे मिश्रण वेगळे आहे, शहराच्या पेठांतील बोलण्याचा ठेका आणखी निराळा. येथील अनेक बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात. हे माहीत नसलेला लेखक ते चूक समजून सुधारतो आणि पात्र परके होऊन बसते. पात्राचे गाव, वय, शिक्षण आणि माहेर-सासर ठरवून मगच त्याची बोली ठरवावी, आणि ती त्या गावातल्या माणसाकडून वाचून घ्यावी.

शिव्यांविषयीही वारंवार विचारणा होते. मायेने दिलेली शिवी पात्राच्या बोलण्याचा भाग असेल तर ती पटकथेत असावी, मात्र सेन्सॉर प्रमाणपत्राच्या वेळी कोणता वयोगट मिळेल याची जाणीव ठेवून. २०२४ च्या नियमांनुसार यूए या वर्गात, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांत, आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन उपविभाग झालेले आहेत.

९. लॅब (मार्गदर्शकांच्या सोबतीने पटकथेवर काम करून घेणारी कार्यशाळा) आणि निधी यांसाठी अर्ज इंग्रजीत करावा लागतो. बोलीतली कथा तिथे टिकते का?

टिकते. ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या स्पर्धेतील सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले, यावरून भाषेची शंका मिटावी. मूळ पटकथा मराठीतच लिहावी आणि इंग्रजी रूपांतर नंतर, शक्यतो दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीने करावे. थेट इंग्रजीत लिहिलेले संवाद पुन्हा मराठीत आणताना पुस्तकी होतात, हे आम्ही अनेक खर्ड्यांत पाहिले आहे.

१०. विकासाच्या टप्प्यासाठी पैसा आणि मार्गदर्शन कोठून मिळते?

देशात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची पटकथालेखकांसाठीची लॅब हे महत्त्वाचे ठिकाण आहे. तेथे मोजक्या पटकथा निवडून अनुभवी मार्गदर्शकांच्या सोबतीने त्यांवर काम करून घेतले जाते. याच महामंडळाने २००७ साली सुरू केलेला फिल्म बाजार दर वर्षी नोव्हेंबरात, गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात भरतो. तेथील सहनिर्मिती बाजारात विकासाच्या टप्प्यावरचे निवडक प्रकल्प देशी-विदेशी निर्मात्यांसमोर मांडले जातात. कोल्हापूरकरांना मुंबईपेक्षा पणजी जवळ आहे. प्रकल्प निवडला गेला नसला, तरी एकदा जाऊन इतरांची मांडणी ऐकावी.

परदेशात रॉटरडॅम महोत्सवाशी संलग्न ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आणि बर्लिन महोत्सवाशी संलग्न वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून काम करत आहेत. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या-त्या वर्षाची नियमावलीच पाहावी.

११. मराठी चित्रपटाला मिळणारे राज्य शासनाचे अनुदान पटकथेवर मिळते का?

नाही. ते पूर्ण झालेल्या, प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाच्या परीक्षणानंतर दिले जाते. अंदाजपत्रकात ते हमखास येणारे उत्पन्न म्हणून धरून कर्ज काढू नये.

१२. मी कथा ऐकवली आणि कोणी चोरली तर?

ही भीती खरी आहे. तिला कायद्याचे उत्तर असे, की स्वामित्व हक्क (कॉपीराइट) नुसत्या कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात हे तत्त्व स्पष्ट केले. ‘पुरात अडकलेले कुटुंब’ ही कल्पना कोणाचीच मालमत्ता होत नाही. आपण लिहिलेली पात्रे, प्रसंगांची गुंफण आणि संवाद मात्र आपले असतात. म्हणून जितके अधिक तपशिलाने लिहावे तितके संरक्षण अधिक.

स्वामित्व हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, पण वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून तिचा उपयोग होतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या सदस्यांना पटकथा ऑनलाइन नोंदवता येते आणि कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृती म्हणूनही नोंदणी करता येते. कथा पाठवताना ई-मेलने पाठवावी आणि कोणाला कोणता खर्डा कधी दिला याची वही ठेवावी. परंतु भीतीपोटी कोणालाच न वाचून दाखवलेली पटकथा कच्चीच राहते, आणि आमच्या पाहण्यात चोरीपेक्षा हे नुकसान कितीतरी अधिक वेळा झालेले आहे.

१३. शीर्षकाची नोंदणी केली की कथा सुरक्षित होते का?

होत नाही. शीर्षक चित्रपटसंस्थांकडे नोंदवतात, ज्यांत कोल्हापुरात मुख्य कार्यालय असलेले अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळही आहे. त्या नोंदणीचा कथेच्या हक्काशी संबंध नाही. कथेसाठी प्रश्न १२ पाहा.

१४. जुन्या मराठी कथा-कादंबरीवर चित्रपट करायचा आहे. लेखक हयात नाहीत, मग परवानगी लागते का?

लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजून, ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्या साहित्यावरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. चंदगड तालुक्यातील कोवाडचे रणजित देसाई १९९२ साली गेले, तेथे ही मुदत २०५२ अखेरपर्यंत जाते. पुस्तक बाजारात मिळत नाही किंवा प्रकाशनसंस्था बंद पडली, याने हक्क संपत नाही.

विकासाच्या टप्प्यावर संपूर्ण हक्क विकत घेण्याइतके पैसे नसतील, तर मुदतीचा करार करावा, ज्याला ऑप्शन म्हणतात. थोडी रक्कम देऊन ठरावीक महिने हक्क आपल्यासाठी राखून ठेवायचा आणि निर्मिती ठरली की उरलेली रक्कम द्यायची, असे त्याचे स्वरूप असते. करार लेखी आणि सहीनिशीच हवा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी सहनिर्माता शोधणाऱ्याने हे दुसरे कलम आवर्जून तपासावे. वारस एकाहून अधिक असतील, तर एकाची सही पुरेशी नाही.

१५. सत्य घटनेवर, बातमीवर चित्रपट लिहीत आहे. संबंधितांची संमती आवश्यक आहे का?

२०२५ साली नांदणी मठाच्या हत्तिणीला जामनगरच्या वनतारा केंद्रात नेल्यानंतर जिल्हा रस्त्यावर उतरला, आणि त्यानंतर लगेचच या प्रश्नाची संख्या वाढली. त्या घटनेत श्रद्धा, प्राण्याचे आरोग्य, न्यायालयाचे आदेश आणि गावाचा जिव्हाळा असे सारे एकत्र असल्याने लेखकांना ती खुणावते, हे स्वाभाविक आहे.

न्यायालयीन निकालासारख्या सार्वजनिक नोंदीतील माहितीवर लिहिता येते. १९९४ च्या आर. राजगोपाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले असून, त्याच निकालात व्यक्तीच्या खासगी आयुष्याचे संरक्षणही सांगितले आहे. म्हणजे सार्वजनिक नोंदीबाहेरचे, घरातले, संभाषणातले जे काही आपण लिहाल, त्याला संमती घ्यावी. नाव बदलले पण गाव, हुद्दा आणि घटना तीच ठेवली, तर ओळख लपत नाही आणि बदनामीचा दावा होऊ शकतो.

याखेरीज आमचा एक सल्ला आहे. बातमी ताजी असताना टिपणे भरपूर घ्यावीत, पण पटकथेची घाई करू नये. आंदोलनाच्या दिवसांत सगळेच एका आवाजात बोलतात, आणि माहुताच्या घरी रिकाम्या हातांचे काय झाले हे नंतर कळते.

१६. कथा माझ्याच घरची आहे. घरच्यांना विचारावे का?

विचारावे, आणि पहिल्या खर्ड्यानंतर विचारावे. आधी विचारले तर लेखक त्यांना आवडेल तेच लिहितो, चित्रीकरणाच्या तोंडावर विचारले तर नकाराला जागाच उरत नाही. कायद्याने अडत नसले, तरी ज्या आत्याच्या किंवा काकांच्या आयुष्यावर आपण उभे आहोत, त्यांना ते गावच्या प्रेक्षकांत बसून प्रथमच पाहावे लागू नये. त्यांनी एखादा प्रसंग वगळायला सांगितला, तर बहुधा त्या प्रसंगाचे मूळ सोडून घटना बदलता येते. प्रश्न ३ मधील बाईच्या बाबतीतही हक्कसोडपत्राच्या जागी दुसरा कागद, दुसरा सण आला असता, तरी तिचा पेच तोच राहिला असता.

१७. पटकथेत लहान मुले आणि जनावरे आहेत. ते लिहितानाच विचारात घ्यावे का?

होय, कारण त्यावर चित्रीकरणाचे दिवस ठरतात. बालकामगार कायद्याच्या नियमांप्रमाणे बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नाही, सलग २७ दिवसांवर काम देता येत नाही आणि त्याच्या मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदतठेवीत ठेवावी लागते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दृश्यात मूल असेल, तर मोठ्यांच्या चित्रपटापेक्षा दिवस बरेच वाढतात. जनावरांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते आणि तिच्यावाचून प्रमाणपत्राच्या वेळी अडचण येते. म्हैस गोठ्यात बांधलेली असणे आणि म्हशीने पुरात पोहणे, यांतील फरक लिहितानाच जाणावा.

१८. महापूर, ऊसतोड यांसारख्या कथा कमी पैशांत कशा लिहाव्यात?

पूर न दाखवता पूर लिहिता येतो. पंचगंगेच्या काठच्या माणसाला राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याचा आकडा तोंडपाठ असतो, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. रात्रभर फोनवर वाढत जाणारा तो आकडा, माळ्यावर चढवलेली धान्याची पोती, जनावरांची दावी सोडावी की नाही यावरून नवरा-बायकोत झालेली वादावादी आणि पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ यांत जेवढा ताण आहे, तेवढा संगणकावर रंगवलेल्या लाटेत नाही.

उसाचे वेळापत्रक आपल्या हाती नसते. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, त्यामुळे उभा ऊस हवा असलेली दृश्ये आणि तोडलेल्या फडातील दृश्ये कोणती, हे पटकथेतच वेगळे करून ठेवावे. एका वर्षाचा हंगाम चुकला की पुढच्याची वाट पाहावी लागते.

१९. निर्मात्याने पटकथा घेतली आणि वर्ष उलटले तरी काहीच केले नाही. ती परत मिळते का?

आधी करार पाहावा. हक्क हस्तांतरित केल्यापासून १ वर्षाच्या आत ते वापरले नाहीत, तर हस्तांतरण संपुष्टात आले असे कायदा मानतो, पण करारात वेगळे लिहिलेले नसेल तरच. बहुतेक छापील करारांत नेमके हेच वेगळे लिहिलेले असते. म्हणून सही करतानाच ‘अमुक तारखेपर्यंत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क लेखकाकडे परत येतील’ असे वाक्य घालून घ्यावे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहाबाहेरील वापरावरील रॉयल्टीचा लेखकाचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही, हेही ध्यानात असावे.

२०. दोघांनी मिळून लिहिलेली पटकथा आहे आणि आता आमचे पटत नाही. मी एकट्याने पुढे नेऊ शकतो का?

दोघांचे लेखन एकमेकांपासून वेगळे काढता येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून हक्क देता येत नाहीत. बहुतेक जोड्या मैत्रीखातर काहीच लिहून ठेवत नाहीत आणि तंटा झाल्यावर हे पान शोधतात. तंटा झालेलाच असेल तर निर्माता मिळण्यापूर्वी तो सोडवावा, कारण पैसा दिसू लागल्यावर तडजोड अवघड होते. श्रेयनामावलीतील क्रम, मोबदल्याचे प्रमाण आणि पुढील खर्डे कोण लिहिणार, एवढ्या तीन बाबी एका पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी काम पुढे जाते. समोरच्याने चित्रपटातून पूर्णपणे बाजूला व्हायचे ठरवले असेल, तर त्याने लिहिलेल्या भागाचा हक्क योग्य रक्कम देऊन लेखी घ्यावा आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत ठेवावे. मुदत व प्रदेश यांविषयीची कलमे प्रश्न १४ मध्ये दिल्याप्रमाणेच तपासावीत.